भरून पावलो

गेल्या महिन्यात चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकांनी मला बाजूला घेतलं. “पुढच्या रविवारी साक्ष तुम्ही द्या. विषय आहे विश्वासूपणाचं प्रतिफळ. पाच मिनिटं फक्त. तुमची ती नोकरीची गोष्ट सांगा, तरुणांना बळ मिळेल.”

मी हो म्हणून बसलो. सोळा वर्षं मंडळीचा खजिनदार आहे, पाळकांना नाही म्हणायची सवय मोडलीय. घरी आल्यावर मात्र घाम फुटला. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगणं. तिचा एक ठरलेला साचा असतो, तुम्हीही तो शंभरदा ऐकला असेल. आधी संकट, मग प्रार्थना, मग प्रभूने दार उघडलं आणि गेलं त्याच्या दुप्पट पदरात पडलं. मंडळी आमेन म्हणते, माणूस डोळे पुसत खाली बसतो. माझ्या गोष्टीत संकट आहे, प्रार्थनाही आहे. तिसरा भाग नाही. पाच मिनिटांतली शेवटची दोन मिनिटं मी काय बोलणार होतो?

मी पेशाने हिशेबनीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या लिहिल्या. बारा वर्षांपूर्वी जिथे कामाला होतो तिथे वर्षअखेरीला एक नोंद माझ्या टेबलावर आली. माल गोदामातच होता, पण तो विकला गेल्याचं दाखवायचं होतं. पुढच्या महिन्यात नोंद गुपचूप उलटवायची, की झालं. कर्ज देणाऱ्यांना आकडा नीट दिसायला हवा होता. साहेब अगदी समजुतीने बोलले. खुर्ची दिली, दार लोटून घेतलं. “सगळीकडे होतं हे. आणि पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.” कागदाच्या तळाशी ‘तयार करणार’ असं छापून पुढे माझं नाव होतं आणि वर सहीपुरती रिकामी जागा. त्या जागेकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. शेवटी म्हणालो, “मला नाही जमणार.” यात शौर्य वगैरे काही नव्हतं. आवाज चिरकला होता आणि कानशिलं तापली होती.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, ती आता सांगून टाकतो. त्याआधीची दोन-तीन वर्षं छोट्या छोट्या नोंदी माझ्याच हातून गेल्या होत्या. एखादी तारीख मागे-पुढे, एखादं बिल पुढच्या वर्षात. चोरी म्हणता येणार नाही अशा, पण विचारलं असतं तर मान खाली गेली असती अशा. म्हणजे विश्वासू सेवकाने एके दिवशी मोहाला तोंड दिलं, इतकी ही गोष्ट सरळ नाही. बराच काळ वाकलेला माणूस एका कागदापाशी अडला, एवढंच.

सही शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने केली. माझी बढती मागे पडली, मग हातातली कामं एकेक करून दुसरीकडे गेली, मग ‘पुनर्रचना’ झाली आणि पाचव्या महिन्यात मी घरी. त्यानंतर दीड वर्ष पक्की नोकरी नव्हती. इकडच्या तिकडच्या वह्या लिहून दिवस काढले.

त्या दीड वर्षात मी एक मूर्खपणा केला. पेशाचा दोष म्हणा. एक कोरी वही घेतली, मधोमध रेघ मारली आणि देवाचं खातं उघडलं. डाव्या बाजूला मी काय काय सोडलं: पगार, बढती, चार लोकांत असलेलं नाव, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेलं आणि आता मोडावं लागलेलं. उजव्या बाजूला देवाने काय दिलं ते लिहायचं होतं. डावं पान भरलं. उजव्या पानावर एका कोपऱ्यात ‘आरोग्य ठीक’ असं लिहून थांबलो. रोज रात्री ती वही उघडून बसायचो, आणि खरं सांगतो, ती माझी प्रार्थनाच होती. येणे बाकी, येणे बाकी.

त्याहून वाईट म्हणजे सही करणाऱ्याचं काहीतरी वाकडं होईल याची मी वाट बघत होतो. झालं नाही. त्याला माझी बढती मिळाली, पुढे आणखी एक मिळाली. माणूस वाईटही नाही, आजही भेटला की आधी तोच हात पुढे करतो. बायबलमधल्या 73व्या स्तोत्राचा कवी आसाफ हेच बोलतो. दुर्जनांचं चाललेलं बरं पाहून त्याचा पाय घसरायच्या बेतात आला होता आणि आपण उगीचच मन स्वच्छ राखलं असं त्याला वाटून गेलं. शास्त्रात हे छापलेलं आहे, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं. आसाफ पुढे पवित्रस्थानात गेल्यावर शहाणा झाला, मला तिथवर जायला बराच वेळ लागला.

मी अडलो तो एका शब्दावर. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू ढोंग्यांविषयी बोलतो. दान देताना पुढे कर्णा वाजवणारे, चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणारे, उपासाने तोंड सुकवून फिरणारे. तिघांविषयी तो एकच वाक्य तीनदा म्हणतो, आणि आपल्या मराठी शास्त्रात ते असं आहे: “ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.”

हिशेब लिहिणाऱ्याला हे शब्द ओळखीचे असतात. खरेदीखतावर, पावतीवर, ‘सदर रक्कम भरून पावलो’ असं लिहून खाली सही होते. पावती हा शब्दच त्या पावण्यातून आलाय. त्याचा अर्थ एवढाच की सगळं मिळालं, आता तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. पुढे वाचताना कळलं की मूळ ग्रीकमध्येही अगदी हाच मामला आहे. तिथला ‘अपेखो’ हा शब्द इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या जुन्या पपायरसांवर आणि खापरांवर ढिगाने आढळतो, आणि तोही पावत्यांवर. भाडं भरलं, कर भरला, पैसे मिळाले, अपेखो. ज्याने मराठी भाषांतरात ‘भरून पावले’ लिहिलं त्याला हे ठाऊक होतं की ते सहज हाताला आलं, कुणास ठाऊक. पण शब्द नेमका बसलाय.

हे वाचलं आणि पोटात खड्डा पडला. कारण ती सही न केल्याची गोष्ट मी तोवर किती जणांना सांगितली होती! प्रार्थना सभेत, लग्नघरात, रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्यांना. चिरकलेला आवाज सांगताना दर वेळी थोडा भारदस्त व्हायचा. लोक म्हणायचे, “धन्य आहे तुमची,” आणि मी मान हलवून “सगळं त्याचंच” असं म्हणायचो. म्हणजे मोबदला मी केव्हाच घेतला होता, सुट्ट्या नाण्यांत, माणसामाणसाकडून. वर पुन्हा देवाच्या नावे बाकी दाखवून बसलो होतो. एकाच बिलाचे पैसे दोनदा मागणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

ती वही मी फाडली वगैरे नाही. तसं केलं असतं तर साक्षीला शोभलं असतं. कपाटाच्या वर टाकून दिली, एवढंच.

मग प्रतिफळ मागूच नये का? मला तसंही वाटत नाही. प्रभूचा शिष्य पेत्र याने तोंडावर विचारलं होतं, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? प्रभू त्याला रागावला नाही. शंभरपट मिळेल म्हणाला. मार्काच्या दहाव्या अध्यायात ती यादी दोनदा येते, काय सोडलं आणि काय मिळेल. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. सोडलेल्यांत बाप आहे, मिळणाऱ्यांत नाही. बाप एकच, तो वरचा, असं काही जण समजावतात आणि मला ते पटतं. पण मिळणाऱ्यांच्या यादीत एक बाब जास्तीची आहे: छळ. एका मोठ्या सभेत एका उपदेशकाने हे वचन वाचून शंभरपटीवर पाऊण तास भाषण केलं आणि ‘छळ’ हा शब्द गिळला. करारपत्रातली एक ओळ बोटाखाली झाकून समोरच्याची सही घेणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. मी तर त्याच कारणाने घरी बसलो होतो.

आणि शंभरपट म्हणजे काय, तेही त्या दीड वर्षात थोडं दिसलं. नोकरी गेल्याचं कळल्यावर मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या कागदांचा हिशेब लावायला बोलावलं. दोन दिवसांचं काम होतं, त्यांनी ते तीन महिने पुरवलं. मी आत गेलो की आदल्या दिवशी लावलेले कागद पुन्हा विसकटून ठेवलेले असायचे. एकदा मी जरा चिडून विचारलं, “मावशी, हे काल तारखेने लावले होते ना?” त्या म्हणाल्या, “वारा आला असेल.” खिडकी बंद होती. माझी आई मी लहान असतानाच गेली. मार्काच्या यादीत ‘आया’ असं अनेकवचन का आहे, ते मला त्या बंद खिडकीपाशी कळलं. मावशी आता नाहीत.

त्या काळात मी बारूखाच्या प्रेमात पडलो. यिर्मया संदेष्ट्याचा चिटणीस. प्रवचनांत तो फारसा येत नाही, पण तो आमच्या जातकुळीचा माणूस, बोटांना शाई लागलेला. यिर्मयाने 23 वर्षांत सांगितलेली वचनं त्याने एका पटावर उतरवून घेतली. कुणीतरी विचारलंही, हे सगळं लिहिलंस कसं? त्याने कारकुनाला साजेसं उत्तर दिलं: तो तोंडाने सांगत होता, मी शाईने लिहीत होतो. तो पट राजा यहोयाकीमापुढे वाचला गेला. थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत सगळा पट जळाला. चाकू लेखण्या तासायचा होता, हे मला विसरता येत नाही. मग देवाने काय केलं? दुसरा पट घे आणि पुन्हा लिही, म्हणाला. बारूखाने पुन्हा लिहिलं, वर आणखी पुष्कळ वचनं त्यात घातली गेली.

या माणसाला देवाने वेगळा निरोप दिलाय. यिर्मयाचा 45वा अध्याय सगळा त्याचाच आहे, पाच ओव्यांचा. यहोयाकीमाचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 605च्या सुमाराचा. बारूख कण्हतोय: दुःखावर दुःख, विसावा म्हणून नाही. देव त्याला म्हणतो, तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी मागतोस काय? मागू नको. त्याला काय हवं होतं ते लिहिलेलं नाही. पण 51व्या अध्यायात सराया नावाचा एक राजदरबारी अधिकारी येतो, राजाबरोबर बाबेलला जाणारा. त्याच्या बापाचं आणि आज्याचं नाव बघा, नेरीया आणि महसेया. बारूखाचीही तीच. म्हणजे भाऊच असणार. भाऊ राजाच्या लवाजम्यात, आणि हा जळालेला पट पुन्हा लिहितोय. मोठाल्या गोष्टी कुठून सुचल्या असतील ते मला शेजारच्या टेबलावरून कळतं.

आणि त्याला बक्षीस काय? देव म्हणतो, तू जाशील तिथे तिथे तुझा जीव तुला लूट म्हणून देईन. झालं. सगळा देश मोडत असताना लढाईतून हाताला लागलेली लूट, ती म्हणजे तुझा जीव. खरं सांगू? मला हे फार चिक्कूपणाचं वाटलं. एवढ्या इमानी माणसाला एवढंच? पुढे तर त्याला मनाविरुद्ध यिर्मयाबरोबर इजिप्तला नेलं. बरीच वर्षं मी या अध्यायाशी भांडत होतो.

साक्षीची तयारी करताना हे सगळं डोक्यात फिरत होतं. इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्याय काढला, विश्वासवीरांचा. पस्तिसाव्या ओवीच्या सुरुवातीला स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं जिवंत परत मिळतात, आणि त्याच ओवीत, पूर्णविरामाची धड वाट न बघता, इतर काहींचे हाल हाल केले जातात. पुढे कुणी धोंडमार होऊन मेला, कुणाला करवतीने कापलं. विश्वास दोघांचा सारखाच. आपल्या साक्षी बहुतेक त्या ओवीच्या पहिल्या अर्ध्यातच संपतात.

प्रेषित पौलाचंही तसंच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो नीतिमत्त्वाच्या मुकुटाविषयी लिहितो, आपल्यासाठी तो राखून ठेवलाय म्हणतो. त्यानंतर पाचच ओव्यांनी तो त्रोवसात राहिलेला झगा आणायला सांगतो, पुस्तकं आणायला सांगतो, आणि हिवाळ्याआधी ये म्हणतो. सोबती देमास सोडून गेलाय. मुकुटाची खात्री असलेल्या माणसाला थंडी वाजत होती. मुकुटावर माझा विश्वास आहे, पण माझी मुक्कामाची जागा तो झगा येईपर्यंतची आहे, आणि साक्ष तिथूनच द्यायला हवी असं मला वाटलं.

तर रविवार आला. मी उभा राहिलो. समोर पहिल्या रांगेत युवक संघाची मुलं. म्हणालो, “बारा वर्षांपूर्वी मी एका कागदावर सही केली नाही. नोकरी गेली. आज जी नोकरी आहे तिचा दर्जा तेव्हाच्या नोकरीला अजून पोचलेला नाही. ज्याने सही केली त्याचं बरं चाललंय आणि त्याचं बरंच चालावं अशी मी हल्ली प्रार्थना करतो, म्हणजे बहुतेक दिवशी. प्रतिफळाविषयी मला एवढंच सांगता येतं की मी ते मोजायला बसलो तेव्हा मला काही दिसलं नाही.” मग मावशींच्या खिडकीविषयी दोन वाक्यं बोललो आणि घसा दाटला म्हणून खाली बसलो. तीन मिनिटंही झाली नसतील. आमेन जरा उशिरा आणि विखुरलेला आला. पाळकांनी लगेच गीत घ्यायला लावलं.

नंतर दानार्पण मोजायला बसलो तेव्हा युवक संघातला एक मुलगा आत आला. त्याची पहिलीच नोकरी आहे. काही विचारणार होता, पण दुसरे लोक बघून नुसता उभा राहिला आणि म्हणाला, “काका, तुमचा नंबर तोच आहे ना?” तोच आहे म्हटलं. अजून त्याचा फोन आलेला नाही.

रात्री दिवा घालवल्यावर बायको म्हणाली, “साक्षीत झोपेचं नाही सांगितलंत.”

“झोपेचं काय?”

“त्या नोकरीत शेवटची दोन-तीन वर्षं तुम्ही झोपेत दात खायचात. करकर करकर. मी उठून बसायचे. दोनदा तर तुम्ही झोपेत आकडे बोललात. नाही म्हणून घरी आलात ना, त्या आठवड्यापासून बंद झालं ते. पुढे पैसे नव्हते तेव्हासुद्धा लहान मुलासारखे झोपायचात.”

मी अंधारात पडून राहिलो. मला बारूख आठवला. थोड्या वेळाने म्हणालो, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“कसं सांगणार? तुम्ही वही घेऊन बसलेले असायचात.”